बन्सीधरच्या जीपचं माळवद

बन्सीधरच्या जीपवरचा लोखंडी टप सुटा होता. उन्हाळ्यात नट खोलून उतरवायचा, मिरगाआधी पुन्हा चढवायचा. त्र्याऐंशीच्या भादव्यात एक दिवस तो सांध्यासांध्यातून गळायला लागला, आणि नेमके त्याच दिवशी पुढच्या सीटवर भगवानराव बसले होते. देवगाव फाट्यापासून चारठाण्यापर्यंत पाणी बाकीच्या सवाऱ्या सोडून त्यांच्याच फेट्यात जिरलं. भगवानराव म्हणजे गीताचे वडील, आणि गीताचं स्थळ बन्सीधरला नुकतंच सांगून आलं होतं.

उतरल्यावर फेटा पिळत ते म्हणाले, "ज्याला टप सांभाळता येईना, तो माझ्या लेकीला काय सांभाळील? गुरुवारी पुन्हा येतो फाट्यावर. तवा बघू."

बन्सीधरची झोप उडाली. त्यानं सांध्यांत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, तर पुढचं पाणी थांबून मागून सुरू झालं. मागं डांबर लावलं, तर एका म्हातारीचा पदर गाडीलाच चिकटला.

"आपल्या घरावरचं माळवद गळलं तर काय करतो आपण?" आई दगडाबाईनं विचारलं.

"पांढरी माती टाकतो. पण आई, ही गाडी हाय!"

"पावसाला काय कळतंय, खाली घर हाय का गाडी?"

गुरुवारी बन्सीधर आंघोळ करून येतो तो काय, दगडाबाई पदर खोचून टपावर! वीतभर मातीचा थर चोपून तयार होता. आभाळ भरून आलेलं. खरवडायला वेळ कुठला?

ब्रेक दाबला की माती पुढं सरकायची. म्हणून त्यानं ब्रेक लावायचंच सोडलं. फाट्यावर भगवानरावांना चालत्या गाडीत चढावं लागलं. फाटा अख्खा हसत होता.

पाऊस धो धो आला. भगवानराव मान वर करून थेंबाची वाट बघत बसले. चारठाणं आलं, चढाला गाडी आपसूक थांबली, तरी फेटा कोरडा!

"कोणी टाकली ही माती?"

"आईनं."

भगवानरावांनी फेटा पुन्हा एकदा चाचपून बघितला. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाले.

घरात गीता परात, घागरी, तांबे इकडून तिकडं सरकवत होती. भगवानरावांचं माळवद जागोजाग गळत होतं. बन्सीधर बसला तिथं डोक्यावर टपकन थेंब पडला. तो सरकला, तर तिथंही पडला.

"आबा," गीता हळूच म्हणाली, "ज्याला माळवद सांभाळता येईना..."

"तू चहा वत आधी!"

"कुठं वतू? कपात पाणी पडायलंय."

शेवटी मुलगी बघण्याचा कार्यक्रम जीपमध्येच झाला. गावात कोरडी जागा तेवढीच होती. चहाचा शेवटचा घोट घेऊन भगवानराव म्हणाले, "सोयरीक पक्की समजा. पण मिरगाआधी विहीणबाईंना चार दिवस हिकडं पाठवा."

बन्सीधर इतका हरखला की निघताना त्यानं सवयीनं ब्रेक दाबला. सगळं माळवद घसरून काचेवर आलं आणि तिथून रस्त्यावर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गीता मात्र पदर खोचून घमेलं घेऊन धावत आली.

"राहू द्या, राहू द्या," माती भरता भरता ती म्हणाली, "आमच्या माळवदाला व्हईल."