सहाव्या मजल्यावरचा वाटीभर श

आमच्या नाशिकच्या गिरिजा सोसायटीत प्रत्येक मजल्यावर वेगळ्या देशाची स्पॅनिश येते. शिकावी लागत नाही. राहायला गेलं की आठवडाभरात जिभेवर बसते. पहिल्या मजल्यावर स्पेनची, तिसऱ्यावर मेक्सिकोची, सहाव्यावर अर्जेंटिनाची. मी तळमजल्यावर, मला आपली मराठीच. पण माझं दार उघडं असतं, त्यामुळे सगळ्यांचं कळतं.

पहिल्या मजल्यावरच्या शरयू गायधनीची सोमवारी फोनवर मुलाखत होती. अर्जेंटिनाच्या गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी. पोरगी दोन वर्षं घरी बसलेली. त्यात पाय प्लॅस्टरमध्ये आणि लिफ्ट बंद.

"थेटे काकू, ते रस्त्याला 'काशे' म्हणतात, माझ्या तोंडून 'काये' निघतं. बटाट्याला 'पापा' हवं, मी 'पाताता' म्हणते. गेली ही पण नोकरी!"

मी सेक्रेटरी दातीरांना गाठलं. त्यांनी नियमावली चाळली. "उच्चार एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेण्यास मनाई दिसत नाही. मात्र झाकून न्यावेत."

सहा जिने चढले, दोनदा बसले. वरच्या पिंगळे वहिनी म्हणाल्या, "अहो, न्या की! आमच्याकडे श रग्गड आहे." स्टीलची वाटी काठोकाठ भरली, वर चार शब्द टाकले आणि ताटली ठेवली. "तिसऱ्यावर जपून हं. ते मेक्सिकोवाले उगाच झाकण उघडून बघतात."

शरयूने चमच्याने सगळं संपवलं. मुलाखत सत्तावीस मिनिटं चालली. मी तेवढा वेळ त्यांच्या दारातला जिना झाडत होते.

"काकू, मिळाली!" ती आतून ओरडली. "त्यांनी विचारलं, ब्यूनोस आयर्सच्या कुठल्या भागातल्या?"

"मग काय सांगितलंस?"

"पहिला मजला."

आता शेजारणीची वाटी रिकामी कशी परत करायची? आपल्यात तशी पद्धत नाही. शरयूच्या आईने घरातला ताजा स्पेनचा थ भरून दिला. मीच वर पोचवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंगळे भाऊजी खाली आले, चेहरा गंभीर.

"हिने कालपासून 'ग्राथियास' लावलंय. मी 'ग्रासियास' म्हणतो. आभार मानायचे तरी एका घरात दोन तऱ्हा बऱ्या दिसत नाहीत."

"मग वहिनींचा थ परत आणलात?"

"छे, छे! तिला शोभतो. मलाच थोडा हवा होता."

मी जिन्यातून हाक मारली, "अगं शरयूची आई, अर्धी वाटी थ निघेल का?"

"निघेल, पण सकाळचा आहे."

"चालेल," भाऊजी म्हणाले.