सोप्या चढणीतील त्रुटी

छाननी अधिकाऱ्यांच्या पत्नीने एका रविवारी सकाळी, इस्त्रीचे कपडे मोजता मोजता, हिमालयात पाच दिवसांच्या ट्रेकला जाण्याचा तोंडी प्रस्ताव मांडला. सोबत तीन अटी होत्या: ट्रेक छोटा हवा, सोपा हवा आणि नवरा बरोबर हवा. लग्नाला बावीस वर्षे झाली होती आणि यांतली तिसरी अट आजवर एकाही प्रवासात पूर्ण झाली नव्हती. कधी तपासणी आडवी आली, कधी बदलीची अफवा, कधी नुसतीच शंका.

"बघू," छाननी अधिकारी म्हणाले.

"बघू नाही. ट्रेक नेणाऱ्या मंडळाची नोंदणी पंधरा तारखेला बंद होते. तोवर कुठला ते ठरवा. नाहीतर मी माझी जाईन."

छाननी अधिकाऱ्यांचा कार्यालयात दरारा होता. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज पहिल्या फेरीत पुढे सरकला नव्हता. कोणी अगदी निर्दोष अर्ज आणलाच, तर ते चष्मा पुसून शेरा मारत: "त्रुटी आढळली नाही, सबब संशयास्पद." असा माणूस डोंगर निवडायला बसला म्हटल्यावर डोंगरांचे काही खरे नव्हते.

त्यांनी अकरा ट्रेकांची माहिती मागवली आणि प्रत्येकाची वेगळी फाइल उघडली. पहिल्यापुढे 'सोपा ते मध्यम' असे छापले होते. शेरा पडला: "लागू नसेल ते खोडावे." दुसऱ्याची उंची एका पानावर बारा हजार फूट होती, पुढच्या पानावर बारा हजार दोनशे. "पान उलटेपर्यंत डोंगर वाढला काय? खुलासा व्हावा." तिसऱ्याच्या बत्तीस फोटोंत एकाही माणसाला घाम आलेला नव्हता, ही माणसे प्रत्यक्ष चालली होती याला पुरावा काय? चौथा 'आयुष्यभर लक्षात राहील' असा होता. अपघातही राहतो, अशी त्यांनी समासात नोंद केली.

मग मेव्हण्याला पाचारण झाले. मेव्हणा दोनदा हिमालयात जाऊन आला होता.

"भावोजी, सातव्या नंबरचा घ्या डोळे मिटून. एकदम सोपा. लहान पोरंसुद्धा जातात."

"तू दोनदा गेलास?"

"हो."

"म्हणजे तू नवशिका नाहीस. नवशिक्याला काय सोपं, हे तुला कसं कळणार?"

"मग जो गेलाच नाही, त्याला कळणार?"

"तो निदान निःपक्षपाती असतो," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी मेव्हण्याची साक्ष बाद केली. मेव्हण्याने चहा मात्र पूर्ण प्यायला.

पुढची चौकशी फोनवर झाली. मंडळाच्या कचेरीतली मुलगी गोड बोलायची.

"दिवसाला सहा किलोमीटर चालायचं, काका."

"त्यात चढ किती, उतार किती?"

"जेवढा चढ, तेवढाच उतार."

"याची हमी कोण देणार?"

"परत यायचं असेल तर तेवढाच असतो, काका."

या उत्तराची त्यांनी लेखी प्रत मागितली.

इकडे पत्नीने सराव सुरू केला. ती रोज सकाळी पाठीवर पिशवी लावून इमारतीचे पाच मजले सहा वेळा चढू-उतरू लागली. वजनासाठी पिशवीत नवऱ्याच्या जुन्या, फेटाळलेल्या फाइली भरल्या होत्या. "एवढ्या वर्षांत या पहिल्यांदाच पुढे सरकताहेत," असे ती शेजारणींना सांगे.

चौदा तारखेच्या संध्याकाळी नऊ डोंगरांना त्रुटीपत्रे रवाना झाली होती आणि दोघांची पडताळणी बाकी होती. अधिकाऱ्यांनी पत्नीकडे पंधरा दिवसांची मुदतवाढ मागितली.

"मी सातव्यात नाव घातलंय," ती बुटांच्या नाड्या ओवत म्हणाली. "एक जागा अजून आहे. येताय?"

"सातव्यात? अगं, त्यात चौदा त्रुटी आहेत!"

"तुमच्यात जास्त आहेत. बावीस वर्षं घेतल्याच ना चालवून?"

युक्तिवाद बिनतोड होता, पण तो विहित नमुन्यात नव्हता. ती एकटीच गेली.

आठवड्याने परतली तेव्हा तिच्या नाकाची साल निघाली होती, आवाज बसला होता आणि ती कारण नसताना हसत होती. अधिकाऱ्यांनी दारातच प्रश्नावली पुढे केली.

"ट्रेक सोपा होता का?"

"होता की. पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी गाणी म्हटली, तिसऱ्या दिवशी बर्फावरून बसून घसरले."

"का रडलीस?"

"बूट चावले. आणि सारखी मागे वळून बघत होते. सवयच लागलीय, तुम्ही येताय का ते बघायची."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावले. मग त्यांना कर्तव्याची आठवण झाली.

"पण आता तू नवशिकी राहिली नाहीस," ते खिन्नपणे म्हणाले. "तुझा अभिप्राय ग्राह्य धरता येणार नाही."

एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सगळे शेरे एकत्र करून 'नवशिक्यांनी सोपा ट्रेक कसा निवडावा: एकशे चौदा मुद्दे' असा लेख इंटरनेटवर टाकला. लेख तुफान चालला. 'अत्यंत उपयुक्त', 'जपून ठेवला आहे', 'आमच्या ग्रुपवर पाठवला', 'मोज्यांबद्दल आणखी लिहा', 'पुढच्या वर्षी नक्की' असे अभिप्राय आले. मंडळानेच पुढे त्यांना मार्गदर्शनपर व्याख्यानाला बोलावले. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे त्यांनी ते घरूनच दिले.

एका संध्याकाळी पत्नी पुढच्या ट्रेकची पिशवी भरता भरता त्यांच्या खांद्यावरून डोकावली.

"चाळीस हजार वाचक! यांतले गेले किती?"

"एवढ्यात कसे जातील?" अधिकारी म्हणाले. "अजून वाचताहेत."

आणि त्यात काहीच खोटे नव्हते. तुम्हीही पहिल्या ओळीपासून इथवर आलात, ते बसूनच.