ज्याची त्याची जागा

सरकारी टेबलावर काय असावं याबद्दल पोस्टखात्याचे नियम स्पष्ट आहेत. शिक्के, शाईचं पॅड, डिंकाची बाटली, तराजू. खेळण्यातल्या लाल प्लॅस्टिकच्या फोनचा त्यात कुठं उल्लेख नाही. तरीही तो माझ्या टेबलावर दीड वर्ष मुक्काम करून होता, आणि त्याला कारण ईश्वरा आबा.

कुंडलच्या अलीकडच्या त्या गावात मी पोस्टमास्तर म्हणून बदलून गेलो, तेव्हा बायकामुलं साताऱ्यालाच ठेवली होती. स्वयंपाक स्वतःच्या हातचा. त्यामुळे स्वभाव जरा तिरसट झाला होता. जाऊन आठवडाही झाला नसेल, तोच एक उंच, वाळका म्हातारा आत आला. डोक्याला गुलाबी पटका, पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि धोतराच्या सोग्यात काहीतरी झाकलेलं. मला वाटलं, अंडी आणली असतील. म्हाताऱ्यानं तो फोन बाहेर काढला आणि माझ्या खऱ्या फोनशेजारी नीट, रेषेत ठेवला.

"मास्तर, ह्यो हितंच ऱ्हाऊ दे."

"का बुवा?"

"गावात फोन कुठं असतोय?"

"पोस्टात."

"मग?" असं म्हणून ते चालते झाले. वाद मीच हरलो होतो, आणि तो कधी सुरू झाला हेही मला कळलं नव्हतं.

पुढं हळूहळू उलगडा झाला. आबांचा मुलगा मारुती फौजेत हवालदार. सून शालन आणि दोन नातवंडं, आठ वर्षांची मंगल आणि पाच वर्षांचा संजू, गावी आबांजवळ. मारुती सुट्टीवर येताना पोरांना खेळणी आणायचा, आणि प्रत्येक खेळणं कुठं ठेवायचं ते आबा ठरवायचे. नियम एकच होता. खरी वस्तू जिथं राहते, तिथंच तिचं खेळणं राहणार. "ज्याची त्याची जागा हाय, मास्तर. जागा चुकली की जिनसाचं हाल व्हत्यात."

त्यामुळे पत्र्याचा ट्रक चौकातल्या लिंबाखाली उभा असायचा, कारण उसाचे ट्रक तिथंच थांबत. एका पावसाळ्यात तो गंजून गेला. आबा म्हणाले, "खरा ट्रकबी गंजतोयच की." होडी विहिरीजवळच्या डोणीत तरंगायची, आणि बैल पाणी प्यायला आले की फुंकरीनं पलीकडच्या काठाला लागायची. शिट्टी शाळेत हेडगुरुजींकडं जमा होती. बेंदराच्या सणाला पुजलेले मातीचे बैल गोठ्यात, खऱ्या बैलांच्या दावणीला, चिमूटभर वैरणीसमोर. एकदा हौश्या बैलाचा पाय पडून त्यातल्या एकाचा भुगा झाला. संजूनं आकांत मांडला. आबांनी ओढ्याची माती आणून स्वतः नवा बैल केला. त्याची शिंगं जरा रेड्यासारखी झाली होती, पण संजूनं चालवून घेतलं.

या सगळ्याचा वैताग बिचाऱ्या शालनला. पोरं एका खेळण्यासाठी चौकात, दुसऱ्यासाठी विहिरीवर. "आवं मामंजी, फौजेतली काळी पेटी मोकळीच हाय की. त्यात टाकू समदी. डोळ्यासमोर तरी ऱ्हातील."

"पेटीत? गुन्हा केलाय व्हय त्यांनी?"

शालन कपाळाला हात लावून आत जायची.

माझ्याकडची तऱ्हा वेगळी नव्हती. शाळा सुटली की दोघं पोस्टात हजर. खिडकीसमोर रांगेत उभी राहत. दोघांचीच रांग, पण रांग. "मास्तर, बाबास्नी फोन लावायचाय." मी पहिल्या दिवशी खेकसलो. दुसऱ्या दिवशी खेकसलो. तिसऱ्या दिवसापासून "लाईन बिझी आहे, थांबा जरा" असं म्हणायला लागलो. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

या नियमाला पहिला दणका दिला तो मंगलनं. तिनं आपल्या चिंध्यांच्या बाहुलीचं लग्न दादगोंडा दुकानदाराच्या नातीच्या बाहुल्याशी लावलं. अक्षता पडल्या, चुरमुरे वाटले, आणि मंगल बाहुली काखोटीला मारून घरी निघाली. आबांनी तिला वाटेतच अडवलं. "आता तिची जागा सासरी." पोरगी गडाबडा लोळली. आबा काही बधले नाहीत, बाहुली दादगोंडाकडं राहिली. चार दिवसांनी नागपंचमी आली, तशी मंगल आबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, पंचमीला लेकी म्हायेरी आणत्यात. आपली का न्हाई आणली?"

नियम तो नियम. आबांनी बैलगाडी जुंपली, पटका बांधला आणि चार घरं ओलांडून चिंध्यांच्या बाहुलीला माहेरी आणायला निघाले. सारी आळी दारात उभी राहून बघत होती. दादगोंडाही बेरका. त्यानं चहा पाजला आणि हात जोडून म्हणाला, "आबा, लवकर परत धाडा बरं का." बाहुली काही परत गेली नाही. "नांदवत न्हाईत," असं मंगलनं जाहीर केलं, आणि आबांनी त्यावर जास्त चौकशी केली नाही.

पुढच्या वर्षी मारुतीची बदली झाशीला झाली आणि कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं. पत्र आलं, तसं मीच वाचून दाखवलं, कारण आबांना अक्षर येत नव्हतं. शालन आणि पोरांना घेऊन जायचं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, 'आबा, तुम्हीही चला. आई नाही, आता मागं तुम्ही एकटेच राहाल.'

आबांनी उत्तर सांगितलं, मी लिहिलं. उसाला पाण्याची पाळी आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच बोलावणं. हौश्याचा खूर दुखतोय. तिसऱ्या पत्राला विहिरीची मोटर जळाली. मोटर चालू होती, आवाज पोस्टापर्यंत येत होता. मी लेखणी खाली ठेवली.

"आबा, खरं सांगा. पाणी, बैल सगळं बघायला तुमचा पुतण्या आहे. मग का जात नाही?"

म्हातारा त्या लाल फोनची तबकडी फिरवू लागला. "मास्तर, दोन खोल्या हायत म्हनं. त्यात चार माणसं. मी कुठं बसायचं? हितं सोप्यात माझा खांब हाय. चाळीस वर्सं त्याला टेकून बसतोय. तितं खांब कुठला? मी म्हंजे नुसता ह्या खोलीतनं त्या खोलीत. बिनजागेचा."

साऱ्या गावच्या जिनसांना जागा लावणारा हा माणूस स्वतःच्या लेकाच्या घरात आपल्याला जागा असेल का, या भीतीनं बसला होता. मला फार वाईट वाटलं. पण ती भीती काढायची कशी, ते मला सुचलं नाही, आणि मी मोटर जळाल्याचं लिहून टाकलं.

पोरं निघायच्या आदल्या दिवशी मंगलनं एक बाहुला केला. आबांच्या जुन्या पटक्याचं गुलाबी मुंडासं आणि हौश्याच्या शेपटीच्या पांढऱ्या केसांच्या मिशा. हुबेहूब आबा. "ह्यो मी संगं न्हेणार," ती म्हणाली.

"न्हाई. माझी जागा हितं. बाहुलाबी हितंच."

"पर आबा..."

"तितं खांब हाय का?"

आबांनी बाहुला आपल्या खांबाला टेकवून बसवला. बाकीची खेळणी मात्र आता पोरांबरोबर जाणार होती, तिथं शालननं आबांचं ऐकलं नाही. चौकातून ट्रक आला, डोणीतून होडी आली, हेडगुरुजींनी शिट्टी परत केली. सगळं त्या काळ्या पेटीत गेलं. शालन मनासारखी पेटी भरत होती आणि डोळे पुसत होती. मातीचे बैल आबांनी गोठ्यातच ठेवले, आणि पोस्टातला फोन गडबडीत राहून गेला.

पोरं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पोस्टात आले. पटका नव्हता, पायात वहाण नव्हती.

"मास्तर, मी गायब हाय!"

"म्हणजे?"

"खांबापाशी न्हाई. सोप्यात न्हाई. गोठ्यात बघितलं. मांजरानं न्हेलं असंल तर घात झाला." मला आधी हसू आलं. पण त्यांचा चेहरा बघून मी खिडकी बंद केली आणि त्यांच्याबरोबर बाहुला शोधायला गेलो. उकिरडासुद्धा सोडला नाही. बाहुला काही सापडला नाही. त्यानंतर आबा खांबाला टेकून बसत, पण गोठ्यातल्या मातीच्या बैलांना वैरण घालायचं बंद झालं होतं.

तीन आठवड्यांनी अंतर्देशीय पत्र आलं. पत्ता हवालदाराच्या हातचा, आतलं अक्षर मंगलचं. मी ते घेऊन स्वतःच आबांच्या सोप्यात गेलो. टपाल वाटायचं काम माझं नव्हे, पण मी गेलो.

'आबा, तुमी पेटीत हुता. मीच ठिवलं. पेटीत ठिवल्याबद्दल माफी करा. आई म्हणाली परत पाठव. मी पाठवणार न्हाई. बाहुला हितं हाय म्हंजे तुमची जागाबी हितं हाय, ज्याची त्याची जागा. दाराजवळ कॉट हाय तिच्या पायथ्याला तुमची जागा केली. तितनं नळ दिसतो, येनारी जानारी दिसत्यात. संजूला तिथं बसू देत न्हाई. खांब न्हाई, पर भिंत हाय. टेकून बघितलं. बाहुला पडत न्हाई.'

मी थांबलो. आबा खांबाला टेकलेले होते, ते सरळ होऊन बसले.

"परत वाचा. जागेचं तेवढंच."

मी वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "नळ दिसतोय म्हनं." थोड्या वेळानं, "मास्तर, मिरजंतनं झाशीला कंची गाडी?"

आठ दिवसांत आबा निघाले. यष्टी पोस्टासमोरच थांबते. हातात एक पिशवी, काखेत घोंगडं. पुतण्याला त्यांनी खांबाबद्दल बजावून ठेवलं होतं, "तितं कुणी टेकायचं न्हाई, बेंदराला मी परत येणार हाय." मी लाल फोन पुढं केला.

"पोरांचा राहिलाय. न्या."

आबांनी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "न्हाई मास्तर. फोनची जागा पोस्टात."

यष्टी आली. आबा पायरीवर चढले. मग "थांब रं गड्या!" असं ड्रायव्हरला ओरडून खाली उतरले, लगालगा आत आले आणि टेबलावरचा फोन उचलून पिशवीत कोंबला. कोंबताना पिशवीचं तोंड उघडं राहिलं. आत दोन मातीचे बैल धोतरात गुंडाळलेले होते. एकाची शिंगं रेड्यासारखी.

मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"पोरं लांब हायत, मास्तर," ते म्हणाले. पिशवीचं तोंड आवळलं आणि पुन्हा यष्टीत चढले.

यष्टी गेली. मी टेबलाशी येऊन बसलो. शिक्के, पॅड, डिंकाची बाटली, तराजू. सगळं नियमाप्रमाणे होतं. एक अंतर्देशीय काढलं आणि साताऱ्याच्या घरचा पत्ता घातला.