गिरणी आणि वामनरावांची बाज

"गिरणी चालू राहू द्या. माह्या रेडिओत तिची घरघर आली, तर माहं नाव बदलून टाकजा," असं वामनरावांनी उंद्रीच्या पारावर चारचौघांत सांगून टाकलं. आता माघार कशी घेणार?

त्या संध्याकाळी नागपूर केंद्रावरून त्यांची तिकडं दिलेली लेक कोकिळा ओव्या गाणार होती. गावात वीज आल्यापासून कडूबाची पिठाची गिरणी फिरली की रेडिओत नुसती घरघर. घटकाभर गिरणी बंद ठेव, एवढंच कडूबाला सांगायला हवं होतं. पण शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणापासून दोघांत बोलणं नव्हतं, आणि वामनरावांची मान काही वाकणारी नव्हती.

त्यांनी जुन्या बाजेचा सुंभ सोडला आणि चौकटीला तांब्याची तार गुंडाळून तिची टोकं रेडिओला जोडली. अशी चौकट एरियल म्हणून उभी केली, तर ती कडेकडून येणारा आवाज धरते, तोंडासमोरचा सोडून देते, हे त्यांना ठाऊक होतं. मग ओसरीवर राख पसरून त्यांनी गाव मांडलं. वांगं म्हणजे गिरणी, काडेपेटी म्हणजे बाज. फिरवून फिरवून पेटीचं तोंड वांग्याकडे केलं आणि घराच्या माळवदावर बाज तशीच उभी केली.

अंगणात अर्धं गाव जमलं. त्यांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, रेडिओ लावला. घरघर नाही. वामनरावांनी मिशीवरून हात फिरवला. पण नागपूरही नाही.

"काऊन हो, माही कोकिळा कुठं गेली?" गोजरबाई रेडिओला कान लावून म्हणाल्या.

वामनरावांनी ओसरीवरच्या राखेकडे पाहिलं. गिरणी गावाच्या उगवतीला, अन् नागपूरही उगवतीलाच. राखेत सगळं गाव मांडलं होतं, नागपूर तेवढं राहून गेलं होतं. बाजेनं दोघांनाही सोडून दिलं.

धोतर खोचून ते माळवदावर चढले आणि बाज फिरवू लागले.

"आलं, आलं. आता हलू नका," खालून गोजरबाई ओरडल्या.

बाज एका पायावर कलंडलेली. सोडली की गाणं जाणार. खाली लेक गात होती आणि वर वाऱ्यात बापाला एक शब्द कळत नव्हता. त्यांचे हात भरून आले, मग डोळेही.

"घरघर लई हाय का वं?" त्यांनी वरून विचारलं.

"कायची घरघर? कडूबाभाऊ हे काय, इथंच बसले हायेत. पोरीचं गाणं हाय म्हणून त्यायनं दुपारीच गिरणी बंद केली."

वामनराव खाली उतरले तोवर बातम्या लागल्या होत्या. कडूबा डोळे पुसत पुढं आला.

"वामनराव, पहिली ओवी बापावरच गायली पोरीनं. आयकली ना?"

"बाज धरून होतो," वामनराव म्हणाले.