धावजीआबांच्या लाल गाडीचं पासिंग

एका जंगलात रस्ता एकच होता, पण रस्त्याचे नियम ढीगभर होते. मुलांनो, नीट बसा. चुळबुळ करणाऱ्याला गोष्ट अर्धीच मिळेल.

त्या जंगलात धावजीआबा नावाचे एक म्हातारे चित्ते राहायचे. तरुणपणी ते असे पळायचे की हरणं घाबरायच्या आधी क्षणभर कौतुकानं बघत उभी राहायची. आबांना तेवढा क्षण पुरायचा. पुढचं विचारू नका, तुम्ही लहान आहात.

आता मात्र आबांचे गुडघे गेले होते. उठताना "आई गं", बसताना "आई गं". सगळं जंगल त्यांना सांगायचं, "आबा, खूप पळलात. आता स्वस्थ बसा, देवाचं नाव घ्या." आबा मान हलवायचे. पण मोठ्या माळावरून वारा सुटला की त्यांचे कान आपोआप मागे जायचे. पळताना जातात ना, तसे. मग ते कुणी बघत नाही ना, हे बघून कान पुन्हा पुढे आणायचे.

त्यांची एकच इच्छा उरली होती. त्या माळावरून एकदा, फक्त एकदा, पुन्हा सुसाट जायचं.

आता गाडीचं सांगतो. करवंदीच्या जाळीत एक लाल गाडी पडून होती. कुण्या राजाचा भाचा तिच्यात बसून शिकारीला आला होता. वाघ दिसल्यावर तो पायी परत गेला, तो इतक्या वेगानं की गाडीची त्याला गरजच वाटली नाही. गाडी शर्यतीची होती. जमिनीला टेकेल इतकी बुटकी, नाक लांब, वर छप्पर नाही, बसायला दोनच जागा. दिवे नाकातच झाकलेले. बटण दाबलं की पापणी उघडून वर यायचे. रानकोंबड्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यात उबवून निघाल्या होत्या.

आबांनी साळूबाईला बोलावलं. साळूबाई म्हणजे साळिंदर, जंगलातली एकमेव मिस्त्रीण. तिनं कार्बोरेटर धुतला, सडलेल्या नळ्या बदलल्या, आणि जिथे खिळा मिळेना तिथे स्वतःच्या पाठीवरचा काटा उपटून ठोकला. शेवटी चावी फिरवली. गाडीनं आधी खोकून कोंबड्यांची पिसं बाहेर टाकली. मग ती गुरगुरली.

आबांनी डोळे मिटले. "ही आपल्यातलीच आहे गं," ते म्हणाले.

"मग निघा की माळावर," साळूबाई म्हणाली.

"पासिंग झाल्याशिवाय नाही."

पासिंग म्हणजे काय, ते तुम्हाला मोठेपणी कळेलच, घाई करू नका. सरकारी अधिकारी गाडी तपासतो, पसंत पडली तर नंबर देतो. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर दिसली की जप्त. कचेरीच्या मागे अशा जप्त गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांच्यावर दुधीचे वेल चढले होते. कचेरीतले लोक दुधी घरी न्यायचे. आबांच्या डोळ्यांसमोर आपल्या लाल गाडीवर लटकलेला दुधी आला.

म्हणून ते लंगडत लंगडत कचेरीत गेले.

कचेरीचे साहेब होते शृंगारे. मोठे सांबर. त्यांची शिंगं इतकी पसरलेली होती की आधी कचेरीत साहेब बसले आणि मग भोवती भिंती बांधल्या असं म्हणतात.

"गाडी कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"घरी आहे, साहेब."

"न बघता पास करू?"

"आणतो की. चालवत आणू?"

"नंबर नसलेली गाडी रस्त्यावर? जप्त करीन."

"मग नंबर द्या."

"न बघता?"

मुलांनो, हसू नका. हे दोघं दुपारपर्यंत असंच बोलत होते, आणि दोघांपैकी कुणाचंही चुकत नव्हतं.

कचेरीसमोर आंब्याखाली गुलाबभाऊ कोल्ह्याचं टेबल होतं. गुलाबभाऊ एजंट. त्याचं टेबल आधीपासून तिथे होतं, कचेरी नंतर त्याच्या समोर आली. तो म्हणाला, "आबा, तुम्ही साधे आहात. चालवत आणलेली गाडी जप्त होते. ओढत आणलेली होत नाही. शांतारामला सांगा."

शांताराम हा रेडा. ओंडके ओढायचा. स्वभावानं इतका शांत की पाठीवर बगळा बसला तर त्याची झोप मोडू नये म्हणून चालायचा थांबायचा. जन्मात कधी पळाला नव्हता. पळायचं कारणच पडलं नव्हतं.

"येतो की," शांताराम म्हणाला. "आबा, गाडी हलकी हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतारामनं मानेवर जू घेतलं, दोर बांधला आणि लाल गाडी कचेरीच्या मैदानात आणली. आबांनी तिला पुसून पुसून इतकी चकचकीत केली होती की तिच्यात बघून माकडं दात कोरायला लागली.

शृंगारे साहेब बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग ते खालून बघायला वाकले, पण गाडी इतकी बुटकी आणि शिंगं इतकी मोठी की शिंगंच आधी जमिनीत रुतली. चौघांनी ओढून त्यांना वर काढलं.

"खालून बघता येत नाही," साहेब माती झटकत म्हणाले. "म्हणजे खाली काहीतरी लपवलेलं आहे. दिवे कुठायत?"

"आहेत, साहेब," आबा म्हणाले आणि त्यांनी मोठ्या हौसेनं बटण दाबलं.

पापण्या उघडल्या. दिवे वर आले. झगझगीत उजेड थेट साहेबांच्या डोळ्यांत गेला.

आता सांबराच्या डोळ्यांत उजेड गेला की सांबर जागच्या जागी थिजतं. शृंगारे अधिकारी होते, पण त्याआधी सांबर होते. एक पाय वर उचललेला, तोंड अर्धं उघडं, असे ते उभेच राहिले. आबांनी घाबरून दिवे मिटले तरी साहेब हलेनात. मागे रांग वाढली. शेवटी जेवणाची घंटा झाली तेव्हा त्यांचा पाय खाली आला.

"ही गाडी अधिकाऱ्याला थिजवते," साहेब म्हणाले. "सरकारी कामात अडथळा. आणि पळते किती?"

गुलाबभाऊ लांबून हातवारे करत होता, की सांगू नका, सांगू नका. पण आबा पडले खरं बोलणारे.

"माझ्याएवढी, साहेब. म्हणजे पूर्वीच्या माझ्याएवढी."

"नापास!"

आबा चाकाला टेकून खाली बसले. या वेळी "आई गं" सुद्धा म्हणाले नाहीत. शांतारामनं ते बघितलं. त्याला फार वाईट वाटलं, म्हणून तो त्यांच्या अंगावर सावली पडेल असा सरकून उभा राहिला.

गुलाबभाऊ टेबलावरून उठला. तो सहसा उठत नसे. साहेबांजवळ जाऊन हळूच म्हणाला, "साहेब, ही गाडी इथवर आली कशी?"

"रेड्यानं ओढत आणली."

"मग रेडा जी ओढतो, तिला काय म्हणतात?"

 साहेबांचा चेहरा हळूहळू सैल पडला. मुलांनो, त्यांचंही दुःख समजून घ्या. आयुष्यभर त्यांनी रेडागाड्याच पास केल्या होत्या. रेडागाडीतलं त्यांना सगळं कळत होतं. या लाल गाडीपुढे सकाळपासून त्यांना आपण अडाणी असल्यासारखं वाटत होतं, आणि साहेबाला तसं वाटलं की तो नापास करतो.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" ते म्हणाले, आणि नव्यानं तपासणी सुरू झाली.

चाकं गोल आहेत का? आहेत. रेड्याला पाय चार आहेत का? आहेत. जू घट्ट आहे का? आहे.

"आणि हे पुढं लांबलचक काय आहे?" साहेबांनी गाडीच्या नाकावर टिचकी मारली.

"साहेब, ते इंजि..." आबा बोलायला गेले, तोच गुलाबभाऊनं त्यांच्या शेपटीवर पाय दिला.

"कडब्याची पेटी, साहेब," गुलाबभाऊ म्हणाला.

मग ब्रेक. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायची त्या जंगलातही रीत होती. शृंगारे साहेबांनी रीत आणि तपासणी एकातच उरकली होती. वाटेत लिंबू ठेवायचं. गाडी लिंबू चिरडायच्या आत थांबली तर पास, आणि चिरडलं तर पूजा झाली असं समजून पुन्हा तपासणी. शांताराम गाडी ओढत आला, लिंबापाशी थांबला, त्यानं ते हुंगलं आणि खाऊन टाकलं.

"ब्रेक उत्तम," साहेब म्हणाले.

"वेगमर्यादा काय लिहू, साहेब?" कारकुनानं विचारलं.

आणि मुलांनो, नोकरीत पहिल्यांदाच शृंगारे साहेब खदखदून हसले. "रेडागाडीला कसली आलीय वेगमर्यादा! मार काट तिथे."

नंबर मिळाला. लांब नाकावर पाटी बसली. कागदावर साहेबांनी स्वतःच्या हातानं एक अट घातली, कारण अट घातल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. अट अशी होती की रस्त्यावर असताना जू घातलेला एक रेडा कायम गाडीसोबत असावा.

असे सगळे परत निघाले. पुढे शांताराम, मागे लाल गाडी, गाडीत आबा. चाल अशी की एक पोटुशी हरिणी चरत चरत त्यांच्या पुढे निघून गेली. जाताना तिनं आबांना नमस्कारही केला.

आबांच्या हातात कागद होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "शांताराम," ते म्हणाले, "पास झाली रे गाडी. पण मी काय पास करून घेतलं? आता मरेपर्यंत ही अशीच जाणार. त्यापेक्षा जाळीत होती ती बरी. कोंबड्या तरी होत्या."

शांताराम ओढत राहिला. चढ लागला होता. चढाच्या वर मोठा माळ होता. वर पोचेपर्यंत शांतारामच्या तोंडाला फेस आला. समोर माळ पसरला होता, मधून मोकळा रस्ता गेला होता, आणि वारा सुटला होता.

"आबा," शांताराम धापा टाकत म्हणाला, "रागावू नगा. मला वाईच बसू द्या. पाय लटलट कापायल्यात."

"बस रे बाबा. इथे गाडीतच बस. खाली काटे आहेत."

शांतारामनं दोर सोडला आणि जू तसंच गळ्यात ठेवून तो शेजारच्या जागेवर बसला. गाडी एका अंगाला कलली. साळूबाईचे काटे कुरकुरले, पण टिकले.

दोघं समोर बघत बसले. आबांचे कान मागे गेले. त्यांनी पुन्हा एकदा कागद वाचला. जू घातलेला एक रेडा कायम गाडीसोबत असावा. त्यांनी शेजारी बघितलं. रेडा होता. जू होतं. आणि सोबत म्हणाल तर इतकी सोबत होती की त्याचं एक शिंग आबांच्या कानाला लागत होतं.

आबांनी चावी फिरवली.

गाडी गुरगुरली आणि सुटली. पहिल्या वळणापर्यंत शांताराम ओरडत होता, "आबा! अवो आबा!" दुसऱ्या वळणाला तो गप्प झाला. तिसरं वळण संपलं तेव्हा त्याचे कान मागे उडत होते, जीभ बाहेर लोंबत होती, आणि तो म्हणाला, "आबा, ह्याच्याहून जोरात जाती का?"

जात होती. कानात वारं शिरलेल्या वासरासारखी ती गाडी माळावरून गेली. आबांना गुडघे आहेत हेच आठवेना. ते रडत होते की हसत होते, ते विचारू नका. वाऱ्यात ते कळत नाही.

माळाच्या टोकाला शृंगारे साहेब उभे होते. कचेरी सुटून घरी चालले होते. त्यांनी खूर वर केला. आबांनी गाडी थांबवली, आणि दिवे मात्र मिटलेलेच ठेवले. अधिकाऱ्याचा मान ठेवावा.

"कागद," साहेब म्हणाले. त्यांनी कागद वाचला. "रेडा?"

"हा काय, साहेब."

"जू?"

"गळ्यात आहे."

साहेबांनी वेगमर्यादेच्या जागी बघितलं. तिथे काट होती, आणि काट त्यांच्याच हुकमाची होती. त्यांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही नव्हतं. मग त्यांनी शेवटची आशा म्हणून शांतारामला विचारलं, "तुझी काही तक्रार?"

"हाय की, साहेब," शांताराम म्हणाला. "हितं उगाच थांबवलंसा. वारा लई ग्वाड लागत हुता."

साहेबांनी कागद परत दिला. सगळं नियमात होतं. ते बाजूला झाले आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

त्यानंतर आबा रोज माळावर जायचे आणि शांताराम रोज वेळेआधी जू घालून तयार असायचा. वर्षाच्या शेवटी जंगलातल्या रेडागाड्यांचा सरासरी वेग काढला, तर तो फार म्हणजे फारच वाढलेला निघाला. त्याबद्दल शृंगारे साहेबांच्या कचेरीला बक्षीस मिळालं.

तात्पर्य : मुलांनो, नियम कधीही मोडू नये. त्याला शेजारच्या सीटवर बसवून घ्यावं. एकदा वारा लागला की तोही काही बोलत नाही.