बिनदाराचा स्टुडिओ

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात. चौकट असते, उंबरा असतो, दार नसतं. शनिदेवाच्या राखणीवर गावाचा इतका भरवसा, की पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाने कडीकोयंड्याचा आधार घेतलेला नाही. बाहेरगावच्या भाविकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. काहीजण चौकटीला हात लावून नमस्कारही करतात. मात्र दाराचा खरा उपयोग चोरापासून नव्हे, शेजाऱ्यापासून वाचण्यासाठी असतो, हे ज्यांच्या शेजारी किसननाना राहत नाहीत त्यांना समजणार नाही.

दुपारी जेवून मी पंख्याखाली आडवा होतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेलं हे एकमेव सुख. किसननाना चौकटीतून आत येतात, ओठांवर बोट ठेवतात, माझा पंखा बंद करतात आणि निघून जातात. चोर तरी पंखा घेऊन गेला असता. नाना पंखा ठेवून वारा घेऊन जातात.

"तुमचा पंखा लई बोलतो, सर," असं त्यांनी पहिल्या वेळी कारण दिलं होतं. पुढे कारण देणं बंद झालं.

नानांच्या लेखी घरातली प्रत्येक वस्तू बोलते. आमचा फ्रिज बोलतो. नळ बोलतो. आमच्या हिची पैंजणं बोलतात. मी स्वतः बोलतो ते वेगळंच. एकदा दुपारी त्यांनी टोपीवरून चढवलेले भलेमोठे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. आत कुणीतरी ओंडका कापत होतं.

"ह्ये तुमचं दुपारचं," नाना म्हणाले.

"माझं काय?"

"घोरनं. भिंतीपल्याडून आलंय. माईकला समदं ऐकू येतं, सर. माईक म्हंजी सून न्हाई, ऐकूनबी न ऐकल्यावानी कराया."

नानांनी सारा जन्म डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवला. संगीताशी त्यांचा संबंध रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या धुनेपुरता. तरी हल्ली त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ काढला होता. हे ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओतून आलेलं. त्यातला एक दाढीवाला पोरगा कमी खर्चात घरच्या घरी गाणी कशी रेकॉर्ड करायची ते हिंदीतून शिकवतो. नाना त्याला 'मास्तर' म्हणतात. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मला कुणी मास्तर म्हणू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, हे खरं. पण नानांनी ती पदवी अशी परस्पर देऊन टाकावी, हे मला लागलं.

कमी खर्च हा शब्द नानांनी फारच मनावर घेतला. वांग्याएवढा माईक तेवढा कुरिअरने आला. बाकी सगळं घरचं. माईकचा स्टँड फवारणीपंपाच्या नळीचा. 'प' आणि 'फ' म्हणताना माईकवर फुंकर बसून धडधड होऊ नये म्हणून पुढे एक पडदा लागतो. तो त्यांनी पिठाच्या चाळणीची जाळी काढून, कड्याला सरूकाकूंच्या जुन्या परकराचं कापड ताणून बनवला. सरूकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांनी दोन दिवस जेवणातल्या भाकऱ्या न चाळलेल्या पिठाच्या केल्या आणि विषय संपवला.

खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्याचे ट्रे लावा, असं मास्तरांनी सांगितलं. नाना घोडेगावहून पुठ्ठ्याच्या ट्रेंचा भारा डोक्यावर घेऊन आले. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"माझ्या घरात अंडी?"

"अगं, अंडी कुठंयत? रिकामे ट्रे हायत."

"मंग ह्यात आधी काय पेढे हुते का?"

ट्रे परत गेले. त्याऐवजी फळवाल्याकडून सफरचंदांचे जांभळे ट्रे आले. खोली वांग्याच्या पोटात बसल्यासारखी दिसू लागली. पुढच्या व्हिडिओत मास्तरांनी खुलासा केला की ट्रेने तसा काही उपयोग होत नाही, जाड कापड लावावं. मग ट्रेवर गोधड्या आल्या.

खरी अडचण चौकटीची होती. सगळ्या भिंती मढवल्या, तरी समोरचं भोक उघडंच. त्यातून गाड्यांचे हॉर्न, तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्यांच्या हाका, दुकानाच्या स्पीकरवरचं भक्तिगीत आणि एक खाजरं कुत्रं, अशी सगळी मंडळी सरळ माईकपर्यंत येत. नानांनी चौकटीत एकावर एक चार गोधड्या टांगल्या. त्यावर गल्लीत बैठक बसली. एवढी जाड गोधडी म्हणजे दारच नाही का, असा मुद्दा निघाला.

"देवानं दार नको म्हणलंय," नाना म्हणाले. "गोधडीचं नाव काढलं न्हाई."

मी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं की रेकॉर्डिंगपुरती एक फळी उभी करा, तासाभराने काढून ठेवा, देवही समजून घेईल. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दानपेटी फोडायचा बेत सांगितला होता. "माझ्या आज्यानं लावलं न्हाई, बापानं न्हाई. अन् मी माईकसाठी लावू?"

एवढं सगळं झाल्यावर आत काय रेकॉर्ड होत होतं? "हॅलो चेक. येक, दोन." इतकंच. तीन कधी आलाच नाही. दोनवर काहीतरी बोलायचं, नाना बाहेर यायचे आणि कुणाचं तरी काहीतरी बंद करायचे.

एका सकाळी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात शिरून चटणीचा चालू मिक्सर बंद केला. आमची ही हातात मिरच्या घेऊन बघत राहिली. मग मात्र मी त्यांना अंगणात गाठलं.

"नाना, तुम्हाला गाता येतं?"

"न्हाई."

"वाजवता येतं?"

"हॉर्न."

"मग कशासाठी आमचा जीव घेताय?"

नाना उंबऱ्यावर बसले. हेडफोन काढले, मग टोपी काढली. टोपी काढलेले नाना मी तोवर पाहिले नव्हते. ते एकदम लहान दिसले.

"हिचं गानं घ्यायचंय," ते म्हणाले. "धार काढताना म्हनायची ते. तुमीबी ऐकलंय."

ऐकलं होतं. पहाटे भिंतीपलीकडून यायचं. म्हैस पान्हा सोडत नसे म्हणून काकूंनी स्वतःच रचलेलं. त्यात म्हशीला माहेरच्या चार गोष्टी सांगितलेल्या, कोण कुणाशी बोलत नाही, सोनईच्या बाजारात काय महागलं, आणि शेवटी एक लांब, वर चढत जाणारी हाक. त्या हाकेला दूध सुटायचं.

"सोमवारी तिला नगरला न्यायचीय. गळ्यातली गाठ काढायचीय. डॉक्टर म्हनले, गाठ साधी हाय, पन आवाजाची नस तिथंच हाय. आवाज बदलूबी शकतो." नानांनी टोपी झटकली. "मंग म्हशीचं काय करायचं? ती दुसऱ्या आवाजाला पान्हा सोडायची न्हाई. म्हनून म्हशीसाठी घेऊन ठेवतोय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टोपीकडे पाहत होते.

"मग अजून का झालं नाही?"

"ती माईक बघितला की गप हुती. हाताला काम पायजे, तरच गाती. अन् ती गायला लागली की काहीतरी बोलतंय."

वैतागाचा एक प्रकार असा असतो, की त्यातून सुटायला माणूस मदत करू लागतो. मी कामाला लागलो. शुक्रवार ठरवला, कारण शनिवारी गावात मुंगी शिरायला जागा नसते. दुपारी जेवणं झाल्यावर गिरणी बंद ठेवायची, दुकानाचा स्पीकर बंद, मिक्सर बंद, पोरं शेतावर, असं मी घरोघर सांगून आलो. माजी विद्यार्थ्यांचा निवृत्तीनंतर एवढाच उपयोग होतो.

शुक्रवारी दुपारी गल्ली अशी गप्प झाली, की मला माझ्याच घड्याळाचा राग आला. मी चपला बाहेर काढून नानांच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. गिरणीवाला आणि दुकानदारही उत्सुकता न आवरून येऊन बसले. काकूंच्या पुढ्यात सूपभर तूर ठेवली होती. माईक नानांनी गोधडीच्या घडीत लपवला होता. काकूंना तो दिसत होता, पण त्यांनी न दिसल्यासारखं केलं.

"म्हातारचळ लागलाय ह्यांना," असं म्हणून त्या तूर पाखडू लागल्या. दोनतीन वेळा सूप हललं आणि गाणं सुरू झालं.

मी संगीतावर फार बोलत नाही, कारण ज्यांना कळतं ते बोलत नाहीत आणि बाकीचे थांबत नाहीत. काकूंचा आवाज काही थोर नव्हता. पण माहेर, भांडणं, बाजार असं करत त्या शेवटच्या हाकेपाशी आल्या, हाक वर गेली, आणि गिरणीवाल्याने मान खाली घातली. नाना हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसले होते.

हाक वर असतानाच गोधड्या फाकल्या.

गल्लीच्या टोकाच्या चंद्राबाई शेतावरून परतत होत्या. त्यांना आमचा निरोप पोचला नव्हता. त्यांनी पाहिलं की गिरणी बंद, स्पीकर बंद, चिटपाखरू बोलत नाही, आणि नानांच्या चौकटीबाहेर चपलाच चपला. काकूंच्या दवाखान्याचं एव्हाना गल्लीला ठाऊक झालं होतं. चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला आणि दार नसल्यामुळे थेट आत येऊन हंबरडा फोडला.

"कवा गेली गं माझी सरूऽऽ!"

काकू सूप घेऊन समोरच बसलेल्या.

"कोण गेलं गं?"

"तू!"

"मी सोमवारी जानार हाय," काकू म्हणाल्या. "नगरला."

नाना ओठांवर बोट ठेवून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होते. कुणी ऐकलं नाही. काकू हसायला लागल्या त्या थांबेनातच. तूर खोलीभर झाली. चंद्राबाई आधी रडता रडता आणि मग नुसत्याच हसू लागल्या. हंबरडा ऐकून उरलेली गल्ली आली, चहा झाला. पुन्हा एकदा गाण्याचा प्रयत्न केला, पण पहिल्याच ओळीला काकूंना चंद्राबाई दिसायच्या. शनिवारी गर्दी, रविवारी पिशव्या भरणं, सोमवारी नगर.

गाठ साधीच निघाली. काकू आठवड्याने घरी आल्या. थोडा घोगरेपणा राहिला, पण नानांना हाक मारायला तो आड येत नाही. आता त्यांची हाक स्पीकरच्या वरताण ऐकू येते. फक्त ती शेवटची चढती हाक जागेवर जात नाही, मध्येच फाटते. काकूंना त्याचं काही नाही. "आता कुनाला ऐकवायचंय," म्हणतात, आणि खरकटं पाणी फेकतात.

स्टुडिओ मोडला. गोधड्या धुऊन वाळत पडल्या. चाळणीला नवी जाळी बसली. मला पंखा परत मिळाला. मला बरं वाटायला हवं होतं, पण दुपारी पंखा इतका बोलतो, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

परवा झोप लागेना म्हणून मागच्या अंगाला गेलो. नाना त्यांच्या गोठ्यात पोत्यावर बसले होते. टोपी, टोपीवर हेडफोन. मला पाहून त्यांनी हेडफोनचा एक कान मोकळा केला आणि माझ्याकडे वळवला. काकूंचं गाणं चालू होतं. माहेर, भांडणं, बाजार, हाक वर गेली, आणि चंद्राबाई आल्या.

"नाना, एवढं पुढचं कापून टाका," मी म्हणालो. "मोबाईलवर सोपं असतं. तुमचे मास्तर शिकवत असतील."

"कापायचं न्हाई," नाना म्हणाले. "पुढं ती हसलीय."

आम्ही ते हसणं शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं लांब आहे. संपल्यावर नानांनी नाक पुसलं, बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हशीला सवय पायजे ना, सर. म्हनून लावून बसतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

माईक आला तेव्हाच म्हैस विकून वर्ष झालं होतं. टेम्पोत चढेना, तेव्हा मागून ढकलायला मीच होतो.