रुळातला ळ

दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीतले साठेकाका मुलांना मराठी शिकवायचे; पण पहिला महिनाभर मूलच काकांना शिकवायचं. मुलाला जे आवडतं ते आधी आपल्याला आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सईला स्केटिंगचं वेड, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी हा गृहस्थ पार्किंगमधल्या खांबाला मिठी मारून चाकांवर उभा! आमच्या मिहिरला मेट्रोचं वेड. त्याने काकांकडून द्वारका ते नोएडा सगळी स्टेशनं क्रमाने पाठ करून घेतली आणि त्यांना दोनदा नापास केलं. "आमचे सर फार कडक आहेत," काका मला लिफ्टमध्ये हळूच म्हणाले.

दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरांना 'ळ' म्हणता येत नाही. ती शाळेला 'शाला' म्हणतात आणि 'केलं' खातात. काका म्हणत, "प्रत्येकाचा ळ वेगळ्या ठिकाणी असतो, शोधावा लागतो." सईचा गुळगुळीत फरशीवर सापडला, मिहिरचा मेट्रोच्या रुळावर.

मी पडलो सरकारी माणूस. मला प्रगती कागदावर लागते. चार महिन्यांत पोरगं रूळ, फलाट, डबा म्हणायला लागलं. पण साताऱ्याहून आजीचा फोन आला की "हां आजी, ठीक हूँ" याच्या पुढे काही नाही. मी काकांना चांगलंच ऐकवलं, "काही सिलॅबस आहे की नाही? चार मुलांसारखं शिकवा ना याला!"

"बिल्कुल," काका म्हणाले. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या हातात एकच छापील पुस्तक. तिसऱ्या रविवारी मिहिर म्हणाला, "बाबा, मुझे नहीं जाना यार." सईही थांबली. वर्ग बंद पडला. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

परवा आजीने त्याला फोनवर सहज विचारलं, "तुझी मेट्रो काय म्हणते रे?" आणि मिहिर सुटला. दहा मिनिटं, मराठीत! अडखळत, चुकत, पण थांबला नाही. "अगं बाई, किती बोलतो हा!" आजी हरखून म्हणत होती. मला मात्र तिथे उभं राहवेना.

मी तडक काकांकडे गेलो. "काका, माझं चुकलं. पुन्हा सुरू करा, तुमच्या पद्धतीने."

त्यांनी आधी चहा टाकला. मग म्हणाले, "दर बुधवारी मी अजून मेट्रोने जातो हो, स्टेशनं पाठ करायला जायचो तसा, नोएडापर्यंत आणि परत. घरी तरी कोण आहे? काही डब्यांची दारं मिटताना वेगळी वाजतात. मिहिरला सांगायचं फार मनात होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

काका चहा गाळत राहिले. "तुम्ही सिलॅबसमधलं शिकवा म्हणालात ना. हे त्यात नव्हतं."